शहाबादी फरशी आणि तिचा समुद्र

सोलापुरांतील जुन्या घरांत दोन पाषाण एकत्र नांदतांना दिसतात. जोत्याचा व पायऱ्यांचा काळा पाषाण हा एक. आणि माजघरांत, स्वयंपाकघरांत व पडवींत अंथरलेली करडी, निळसर अगर क्वचित् गुलाबी छटेची शहाबादी फरशी हा दुसरा. दोघांची कूळकथा अगदीं भिन्न आहे. काळा पाषाण अग्नीचें अपत्य आहे. करडा पाषाण जलाचें. पहिला म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हारसाचा थिजलेला थर. त्याच्याच झिजेंतून या जिल्ह्याची काळी जमीन निघाली व तिच्यांत मंगळवेढ्याची ज्वारी पिकते. हा इतिहास शाळेंतील मुलांसही ठाऊक असतो. परंतु रोज जिच्यावर पाट मांडला जातो व जी पहांटे पाण्यानें पुसली जाते, ती फरशी एका लुप्त समुद्राचा तळ आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं.

तो समुद्र कसा होता? त्याच्या पाण्यांत प्राणवायु होता कीं तें पाणी निर्जीव व कोंदट होतें? फरशीकडे नुसतें पाहून याचें उत्तर मिळत नाहीं. तें तिच्यांत अत्यल्प प्रमाणांत दडलेल्या मूलद्रव्यांनीं जपून ठेविलें आहे. हीं मूलद्रव्यें वाचावयास मनुष्य कसा शिकला, आणि सोलापूरच्या शेजारचा हा दगड वाचल्यावर काय निघालें, याचा हा इतिहास आहे.

शहाबाद हें गांव सोलापूरहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गुलबर्ग्याच्या पुढें व वाडी जंक्शनच्या अलीकडे आहे. पूर्वीं तें निजामाच्या राज्यांत होतें. आज कर्नाटकांत आहे, आणि गुलबर्ग्याचें अधिकृत नांव २०१४ पासून कलबुर्गी झालें आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० सालीं सोलापुरास पोंचला व १८७१ सालीं रायचुरास जाऊन मद्रासच्या मार्गास मिळाला. आगगाडी झाल्यावर जड दगड दूरवर नेणें सोपें झालें. शहाबादचा दगड स्वभावतःच पातळ थरांचा असल्यामुळें त्याच्या लाद्या सहज निघतात, आणि या एका गुणामुळें तो महाराष्ट्रांत घरोघर जाऊन बसला.

या प्रदेशाचें पद्धतशीर वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दक्षिण महाराष्ट्र प्रदेशावरील ग्रंथांत केलें आहे. पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वंदिली जाणारी भीमा नदी सोलापूर जिल्हा ओलांडून पुढें या खडकांच्या मुलुखांत शिरते. म्हणून त्यांस भीमेचेंच नांव मिळालें. सुमारें ५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रांत ते उघडे पडले आहेत आणि त्यांची एकूण जाडी सुमारें ३०० मीटर भरते. वायव्येस त्यांची कड दख्खनच्या काळ्या पाषाणाखालीं दडली आहे. म्हणजे जलाचा हा पाषाण अगोदरचा व अग्नीचा नंतरचा, हें त्यांच्या मांडणीवरूनच सिद्ध होतें.

हे थर खालून वर पाहत गेलें असतां एक कथा आपोआप उलगडते. तळाशीं जुना ग्रॅनाइट आहे. त्यावर गोट्यांचा खडक, मग वालुकाश्म, मग चिखलापासून झालेला पानापानांचा खडक, ज्यास शेल म्हणतात. या खालच्या समूहास रब्बनपल्ली हें नांव आहे. त्यावर शहाबादची चुनखडी. गोटे कांठावर पडतात, वाळू उथळ पाण्यांत, चिखल त्याहून शांत पाण्यांत. आणि नद्यांचा गढूळपणा जेथें कमी पोंचतो तेथें चुना सांठतो. तेव्हां समुद्र हळूहळू या भूमीवर चढत आला, असा अर्थ निघतो. त्याचा काळ बहुतेक लेखनांत सुमारें १०० कोटि ते ५४ कोटि वर्षांपूर्वींच्या दीर्घ युगांतला मानला आहे. कांहीं अभ्यासक तो याहूनही मागें नेतात. एवढें निश्चित कीं, या फरशींत शंखशिंपले सांपडत नाहींत. कवच धारण करणारे प्राणी पृथ्वीवर विपुल व्हावयाच्या पूर्वींचा हा समुद्र आहे.

येथपर्यंतचें काम डोळा, हातोडा व भिंग यांनीं होतें. पुढें मात्र त्यांची गति खुंटते. कांठ कोठें होता हें गोटा सांगतो. पाण्याची घटना कशी होती हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं रसायनशास्त्राकडेच जावें लागलें, आणि तें शास्त्रही या कामास योग्य व्हावयास शंभर वर्षें लागलीं.

‘चॅलेंजर’ हें इंग्रजी जहाज १८७२ च्या डिसेंबरांत निघालें व १८७६ च्या मे महिन्यांत परतलें. महासागरांच्या तळाचा गाळ व निरनिराळ्या खोलीचें पाणी यांचे नमुने त्यानें आणले. विल्यम डिट्मार या रसायनज्ञानें त्यांतील ७७ नमुन्यांचें पृथक्करण करून १८८४ सालीं दाखवून दिलें कीं, सागराचें पाणी कोठें अधिक खारट तर कोठें कमी असलें, तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्परांशीं प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेंच असतें. हा मोठा शोध होता. परंतु त्यांतच एक अडचणही होती. जें सर्वत्र सारखें आहे, तें एका समुद्राचा दुसऱ्याहून भेद कसा सांगणार? मिठावरून सागराची ओळख पटते, स्वभाव कळत नाहीं. स्वभाव सांगणारे पदार्थ लेशमात्र असतात, आणि ते मोजण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें.

साधन नसतांना मोजूं गेल्यास काय होतें, याचा धडा फ्रिट्झ हाबर यांच्या प्रयत्नानें दिला. पहिल्या महायुद्धानंतर १९२१ सालीं जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी लादली गेली. समुद्राच्या एका टन पाण्यांत कांहीं मिलिग्रॅम सोनें आहे, असे आंकडे तेव्हां शास्त्रीय ग्रंथांत होते. नत्रवायूपासून अमोनिया बनविण्याची रीति शोधून नोबेल पारितोषिक मिळविलेल्या हाबर यांनीं या सोन्यानें देशाचें ऋण फेडण्याचा संकल्प केला. जहाजांवर प्रयोगशाळा थाटून निरनिराळ्या सागरांचें पाणी तपासलें. शेवटीं असें आढळलें कीं, सोनें अपेक्षेच्या सुमारें हजाराव्या भागाइतकेंच आहे. पूर्वींच्या आंकड्यांत भांड्यांतून व रसायनांतून आलेलें सोनेंच बरेंचसें मोजलें गेलें होतें. खंडणी फिटली नाहीं. परंतु लेशमात्र पदार्थ मोजणाराचा पहिला शत्रु त्याचें स्वतःचें भांडें असतें, हें जगास कळलें.

तें कळूनही अंगीं बाणण्यास काळ लागला. जहाजाचें लोखंड, दोराचें वंगण, बाटलीची कांच आणि हाताचा घाम यांतून जो धातु पाण्यांत उतरे, तोच समुद्राचा म्हणून नोंदला जाई. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनीं शिशाचें मोजमाप करतांना प्रयोगशाळेची स्वच्छता किती कडक असावी लागते हें दाखवून दिलें. १९७६ सालीं बॉइल, स्क्लेटर व एडमंड या त्रयीनें समुद्रांतील कॅडमियमचें विश्वसनीय मोजमाप प्रसिद्ध केलें, तेव्हां तें फॉस्फेट या पोषक द्रव्याच्या पावलावर पाऊल टाकून कमीजास्त होतें, असें निघालें. ज्या आंकड्यांत पूर्वीं गोंधळ दिसे त्यांत आतां सुसंगति दिसूं लागली. १९८० नंतरच्या दशकांत एकाच नमुन्यांतील अनेक मूलद्रव्यें अब्जांश प्रमाणांत मोजणारीं यंत्रें आलीं, आणि जुन्या खडकांकडे नव्या दृष्टीनें पाहणें शक्य झालें.

या वाचनाचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. युरेनियमचेंच उदाहरण घ्यावें. आजच्या समुद्राच्या पाण्यांत तें अब्जांत सुमारें ३ भाग असतें. पाण्यांत प्राणवायु असेल तोंवर तें विरघळलेल्या स्थितींत सुखानें राहतें. परंतु तळाशीं प्राणवायु संपला कीं त्याचें रासायनिक रूप पालटतें आणि तें गाळांत बसतें. थोरियमचा स्वभाव याच्या उलट आहे. तें पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. मातीच्या कणांबरोबर जमिनीवरून येतें व तसेंच तळाशीं जातें. म्हणून शेलमधील युरेनियमला थोरियमनें भागिलें म्हणजे मातीबरोबर आलेला हिस्सा किती व पाण्यांतून बसलेला हिस्सा किती, याचा अंदाज येतो. भागाकार मोठा आला तर तळाचें पाणी गुदमरलेलें होतें. लहान आला तर त्यांत प्राणवायु होता. व्हॅनेडियम व क्रोमियम, तसेंच निकेल व कोबाल्ट, या जोड्यांचें प्रमाणही अशाच हिशेबानें पाहतात.

मॉलिब्डेनमचा न्याय थोडा निराळा आहे. जमिनीवरील खडकांतील गंधकयुक्त खनिजें प्राणवायूनें कुजलीं म्हणजे तें मोकळें होऊन नद्यांवाटे सागरांत येतें. आणि जेथें सागराच्या तळाशीं कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु असतो, तेथें तें गाळांत झपाट्यानें सांठतें. सेरियम आपल्या भावंडांमध्यें एकटेंच प्राणवायूच्या संगतींत रूप पालटून पाण्यांतून निघून जातें. म्हणून प्राणवायुयुक्त समुद्रांत बसलेल्या शुद्ध चुनखडींत लँथॅनम व निओडिमियम यांच्या मानानें सेरियमची उणीव दिसते. पंगतींत एक पान रिकामें असलें म्हणजे कोण उठून गेला हें जसें कळतें, तसाच हा प्रकार आहे.

अशा नोंदींनीं जगाच्या प्राचीन इतिहासांतील मोठमोठे प्रश्न सुटूं लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील माउंट मॅकरे शेल या सुमारें २५० कोटि वर्षांपूर्वींच्या गाळांत मॉलिब्डेनम व ऱ्हेनियम यांचें प्रमाण एके ठिकाणीं अचानक वाढलेलें दिसतें, असें एरियल ॲनबर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं दाखविलें. वातावरणांत प्राणवायु कायमचा स्थिरावण्याच्या आधीं त्याची एक झुळूक येऊन गेली होती, असा त्यांनीं त्याचा अर्थ लाविला. त्याच्याही पूर्वीं, १९९८ सालीं, डोनाल्ड कॅनफील्ड यांनीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, हवेंत थोडा प्राणवायु आल्यावरही दीर्घ काळ खोल सागर प्राणवायूविना व गंधकानें भरलेलाच राहिला असावा. तसें असेल तर त्या सागरांत मॉलिब्डेनमचा दुष्काळ असणार. कारण तें तळाच्या गाळांत अडकून पडणार. आणि हवेंतील नत्रवायु पकडून अन्न बनविणाऱ्या सूक्ष्म जीवांस मॉलिब्डेनम तर हवेंच. पसाभर धान्याच्या तुटवड्यानें घर उपाशी राहावें, तसें या लेशमात्र धातूच्या तुटवड्यानें जीवसृष्टीची वाढ कोट्यवधि वर्षें रोखली गेली असावी, असा तर्क ॲनबर व अँड्र्यू नोल यांनीं २००२ सालीं मांडला.

तेव्हां भीमेच्या खडकांपुढील प्रश्न क्षुल्लक नव्हता. ते ज्या युगांतले मानले जातात, त्याच युगाच्या उत्तरार्धांत सागरांत प्राणवायु वाढला व प्राण्यांचा उदय झाला. या उथळ समुद्राच्या तळास श्वास होता काय?

आर. नागराजन व त्यांचे सहकारी यांनीं रब्बनपल्ली समूहांतील शेलचें पृथक्करण करून २००७ सालीं मेक्सिकोंतील एका भूविज्ञानविषयक नियतकालिकांत तें प्रसिद्ध केलें. युरेनियम व थोरियम, व्हॅनेडियम व क्रोमियम, निकेल व कोबाल्ट हीं सर्व प्रमाणें त्यांनीं तपासलीं. निष्कर्ष एकमुखी निघाला: हा चिखल प्राणवायु असलेल्या पाण्यांत बसला होता. आपल्या फरशीच्या लगतच खालीं असलेल्या गाळावर ज्या समुद्राचें पाणी होतें, तो कोंदट डोह नव्हता. लाटा व वारा यांनीं ढवळलेला, हवा खेळती असलेला समुद्र होता.

या निष्कर्षाचें मोल ओळखतांना त्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. उथळ कांठाचें पाणी हवेच्या सान्निध्यांत असतें; तेवढ्यावरून त्या काळच्या खोल महासागरांविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. खोल सागर गुदमरलेला असतांना कांठावर श्वास असणें शक्य आहे, व कॅनफील्ड यांच्या मताशीं तें विसंगत नाहीं. दुसरें असें कीं, चुनखडीवर अशीच परीक्षा करतांना भूमीवरून आलेल्या मातीची भेसळ आड येते. थोडी माती मिसळली तरी सेरियमसारख्या मूलद्रव्यांची मातींतील नोंद समुद्राच्या नोंदीवर मात करते. म्हणून प्रथम मातीचें प्रमाण तपासावें लागतें व मगच समुद्राची साक्ष घ्यावी लागते. हाबर यांस भांड्यांतील सोन्यानें फसविलें. येथें निसर्गानेंच भांड्यांत माती टाकून ठेविली आहे.

तिसरा धोका याच प्रदेशांत प्रत्यक्ष दिसतो. यादगीर जिल्ह्यांतील गोगी येथें भीमेच्या चुनखडींत व तिच्या खालील ग्रॅनाइटांत युरेनियमचा साठा सांपडला आहे. तो खडकांच्या एका मोठ्या भेगेच्या अनुरोधानें आहे. नंतरच्या काळीं त्या भेगेंतून फिरलेल्या उष्ण द्रवांनीं तें युरेनियम तेथें आणून बसविलें. प्राचीन समुद्राच्या श्वासाशीं त्याचा संबंध नाहीं. एखाद्यानें तेथलाच दगड घेऊन, युरेनियम पुष्कळ आहे एवढ्यावरून समुद्रास निर्जीव ठरविलें असतें, तर तें जुन्या कागदावर मागाहून पडलेल्या शाईस मूळचा मजकूर समजण्यासारखें झालें असतें. म्हणूनच एका मूलद्रव्यावर भरंवसा न ठेवतां चार-पांच स्वतंत्र साक्षीदारांची जबानी घ्यावयाची व ते एकमुखानें बोलले तरच निकाल द्यावयाचा, ही या शास्त्राची शिस्त आहे. इतिहासाच्या शिस्तीहून ती भिन्न नाहीं.

आतां प्रश्न राहतो तो असा कीं, प्राणवायूविना गाळांत युरेनियम व मॉलिब्डेनम सांठतें, हें तरी कशावरून? तें पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. अरबी समुद्रांत सुमारें १५० मीटरपासून १,००० मीटर खोलीपर्यंत पाण्याचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्यांत प्राणवायु जवळजवळ नाहींच. जगांतील अशा पट्ट्यांत तो अत्यंत तीव्र गणला जातो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खालचें पोषक पाणी वर येतें, सूक्ष्म जीवांची अफाट वाढ होते, आणि ते मरून खालीं जातांना कुजण्यांत प्राणवायु खर्चीं पडतो. ज्या पावसावर सोलापूरची ज्वारी अवलंबून आहे, त्या पावसाला आणणारे वारेच समुद्राच्या पोटांतील श्वास कोंडण्यास कारण होतात. अशा पाण्याखालच्या गाळांत धातूंचा संचय प्रत्यक्ष मोजतां येतो, आणि त्याच मापानें जुने खडक जोखले जातात.

या समुद्राचा अभ्यास १ जानेवारी १९६६ रोजीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यांतील दोना पावला येथून करीत आली आहे. तेथील शास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं ‘नेचर’मध्यें असें दाखवून दिलें कीं, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांतही पावसाळ्याच्या अखेरीस होणारी प्राणवायूची टंचाई तीव्र होत चालली आहे, व शेतांतून वाहून येणाऱ्या नत्रयुक्त खतांचा त्यांत हात असण्याचा संभव आहे. सर्व महासागरांचा हिशेब पाहिला तर १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत त्यांतील प्राणवायु दोन टक्क्यांहून अधिक घटला, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणितावरून दिसतें. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो, हें त्याचें एक कारण. आणि वरचें उबदार पाणी खालच्या थंड पाण्यांत नीट मिसळत नाहीं, हें दुसरें.

दोन टक्के हा आंकडा लहान वाटेल. परंतु या साऱ्या इतिहासाचा बोध हाच आहे कीं, सागराच्या बाबतींत लहान आंकडे क्षुल्लक नसतात. मीठ कोट्यवधि वर्षें तेंच राहतें. जीवसृष्टीचें भवितव्य लेशमात्र वस्तूंवर ठरतें. आज गोव्याच्या किनाऱ्याबाहेर जो चिखल सांठत आहे, त्यांत युरेनियमचे व मॉलिब्डेनमचे कण आपली नोंद लिहीत आहेत. ती कोणाच्याही मर्जीप्रमाणें बदलणार नाहीं. भीमेच्या समुद्रानें आपल्या तळाशीं श्वास होता अशी साक्ष ठेविली. अरबी समुद्राची साक्ष कोणती असावी, हें ठरविण्यांत या वेळीं प्रथमच मनुष्याचाही हात आहे.